स्टेशनपासून लेण्यापर्यंत : विजापूर, बदामी, हंपी एकट्याने

उत्तर कर्नाटकात एकट्याने, रेल्वेने आणि कमी खर्चात कसं फिरायचं, याबद्दल पुण्यातल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. गाड्यांच्या वेळा बदलत असतात. निघायच्या आठवड्यात रेल्वेच्या १३९ या फोन नंबरवर किंवा अ‍ॅपवर एकदा तपासून घ्या.

प्रश्न : पहिल्यांदाच एकटा निघतोय. सहा दिवस आणि आठ हजार रुपये आहेत. हंपी बघायचीच आहे. मित्र म्हणतात, वाकडी वाट करून गोवाही उरकून घे. कसं बसवू?
– विद्यार्थी, कर्वेनगर

गोवा सोडा. सोलापूरच्या पुढे होटगीला चेन्नईच्या मार्गाला एक फाटा फुटतो. तो विजापूर, बागलकोट, बदामी करत गदगला पोचतो. गदगहून डावीकडे होस्पेट, म्हणजे हंपी, उजवीकडे हुबळी. आदिलशाही, चालुक्य आणि विजयनगर अशी तीन राज्यं एकाच रुळाला लागून आहेत. हा रूळ सोडून बाजूला गेलात की दिवसही जातो आणि पैसेही.

आदल्या रात्री पुण्यातून निघा. पहिला दिवस आणि रात्र विजापूर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बदामी, दुपारनंतर लेणी. तिसरा अख्खा दिवस ऐहोळे आणि पट्टदकल, मुक्काम बदामीतच. चौथ्या दिवशी सकाळी अगस्त्य तलावाच्या उत्तरेचा किल्ला किंवा बनशंकरीचं देऊळ, मग गदगमार्गे होस्पेट. पाचवा आणि सहावा दिवस हंपी. सहाव्या रात्री परतीची गाडी. लॉजच्या पाच रात्री, गाडीतल्या दोन.

आठ हजारांत हे बसतं, पण घट्ट बसतं. सगळ्या रेल्वेला मिळून हजार रुपये पुरतात (पुणे–होस्पेट स्लीपर चारशेच्या आसपास पडतो). खोलीला सरासरी ७०० धरले तर साडेतीन हजार, जेवण-चहा रोज ३५० प्रमाणे २,१००. स्मारकांची तिकिटं दोनशेच्या आत : हंपी आणि पट्टदकलला ४० रुपये, बाकी ठिकाणी २५. ऑनलाइन काढली तर पाच रुपये कमी. उरले बाराशे, ते रिक्षा-बसला.

हिशेब चुकतो तो इथेच. बदामी स्टेशन गावापासून पाच किलोमीटरवर आहे, होस्पेटहून हंपी तेरा. चौघांत वाटली जाणारी रिक्षा एकट्याला पूर्ण भरावी लागते. दिवसातून दोनदा स्पेशल रिक्षा केलीत तर बाराशे रुपये दुसऱ्याच दिवशी संपतील. म्हणून गाडी कोणती हे ठरवण्याआधी स्टेशनातून पुढे कसं जायचं ते ठरवा, आणि अंधार पडल्यावर बदामीला उतरवणारी गाडी घेऊ नका. तिथे संध्याकाळनंतर शेअर रिक्षा मिळेलच याची खात्री नाही, आणि स्पेशलवाल्याला तुमची अडचण बरोबर कळते.

प्रश्न : मुंबई–होस्पेट एक्स्प्रेसचं पुणे–विजापूर आरक्षण बघितलं. कोणत्या तारखेचं काढायचं यावर घरात वाद झाला. शिवाय होस्पेटपर्यंतचं एकच तिकीट काढून मध्ये विजापूर-बदामीला उतरता येईल का?
– नोकरदार, पिंपरी

वाद रास्त आहे. ही गाडी मुंबईहून रात्री सुटते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर येते. तिकिटावर तारीख असते ती तुम्ही चढता त्या स्टेशनची. शुक्रवारी ऑफिस करून ‘शुक्रवारी रात्री’ निघायचं असेल, तर पुण्याहून तारीख शनिवारची लागते. शुक्रवारची काढलीत तर गाडी गुरुवार-शुक्रवारच्या रात्रीच निघून गेलेली असते आणि तुम्ही चोवीस तास उशिरा फलाटावर उभे असता. तिकीट गेलेलं, परतावा नाही. ‘शनिवार, शुक्रवारी रात्री बाराला स्टेशनवर’ असं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा.

स्टेशनवर जायचंही आधी ठरवा. मेट्रो अकराच्या सुमारास थांबते आणि रात्री बारानंतर रिक्षाला सव्वापट भाडं लागतं. शेवटच्या मेट्रोने जाऊन प्रतीक्षागृहात बसणं सोयीचं.

एकाच तिकिटावर मध्ये उतरण्याची सवलत आहे, पण ती ५०० किलोमीटरहून लांबच्या तिकिटाला, आणि पहिले ५०० किलोमीटर पार झाल्यानंतरच. विजापूर पुण्याहून पावणेचारशेच्या आसपास आहे. तिथे उतरलात की पुढचं तिकीट बाद. त्यामुळे टप्प्याटप्प्याची तिकिटं काढा : पुणे–विजापूर आरक्षित, पुढचे दिवसाचे टप्पे जनरल.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. मुंबईहून सुटणाऱ्या गाडीत पुण्याला चढून मध्येच उतरणाऱ्याला बहुधा पूल कोट्यातून (मधल्या स्टेशनांच्या प्रवाशांसाठी मिळून ठेवलेल्या जागांतून) जागा मिळते आणि त्या कोट्याची प्रतीक्षायादी गोगलगायीच्या वेगाने सरकते. वेटिंग १० दिसलं तर ‘होईल कन्फर्म’ म्हणून बसू नका. पुणे–सोलापूर गाड्या दिवसभर आहेत; सोलापूरला उतरून विजापूरची दुसरी गाडी घ्या, अंतर सुमारे ११० किलोमीटर. पंढरपूर–म्हैसूर गोलगुंबज एक्स्प्रेसही याच मार्गाने जाते. तत्काळ हवंच असेल तर स्लीपरचं आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता उघडतं, आणि ऑनलाइन काढायला खातं आधारशी जोडलेलं लागतं. हे जोडकाम दहा वाजून पंचावन्न मिनिटांनी करायचं नसतं.

जनरल तिकिटाच्या दोन खोड्या. १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने, प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी काढून संध्याकाळच्या गाडीत बसलात तर ते विनातिकीट धरलं जातं. दंड कमीत कमी २५० रुपये, वर भाडं वेगळं. दुसरं, अ‍ॅपवरचं पेपरलेस तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा. रुळाच्या अगदी जवळ आल्यावर ते निघत नाही, मग भिंतीवरचा क्यूआर कोड शोधत फिरावं लागतं. तपासनिसाला तिकीट अ‍ॅपमध्येच दाखवायचं. स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणजे मोबाइलची बॅटरी हेच तुमचं तिकीट.

अ‍ॅपमध्ये स्टेशन सापडत नसेल तर नवी नावं टाका. २०१४ पासून विजापूरचं विजयपुरा, हुबळीचं हुब्बळ्ळी आणि होस्पेटचं होसपेटे झालं आहे. विजापूरचा स्टेशन कोड मात्र जुन्या नावावरूनच, बीजेपी. त्याचा राजकारणाशी संबंध नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांमुळे वरच्या बर्थवर चढवत नाही. मुलगा एकटीला सोडायला तयार नाही. तिकिटाची सवलत मिळेल का? कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणतात, ते खरं का?
– सदाशिव पेठ

बाई, दोन्ही उत्तरं आधी नकाराची देतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. आणि फुकट बसची शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी आहे. ओळखपत्रावर तिथला पत्ता लागतो. तुम्हाला तिकीट काढावंच लागेल. बस भरलेल्या असतात, म्हणून मधल्या थांब्यावर उभं न राहता सुटण्याच्या स्थानकातून बसा.

आता कामाचं. आरक्षण करताना कोट्याच्या रकान्यात ‘लोअर बर्थ / ज्येष्ठ नागरिक’ निवडा. हा कोटा साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या महिलांना आहे, अट एवढीच की तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत. एकटं जाण्याचा हा सरळ फायदा. साध्या कोट्यात फक्त ‘लोअर बर्थ हवा’ अशी पसंती टाकली तर ती विनंती असते, हक्क नसतो. बरेच जण दोन्हींत गल्लत करतात आणि नंतर मधल्या बर्थखाली वाकून बसतात. स्लीपरमध्ये लेडीज कोटाही वेगळा असतो; दोन्हीकडची उपलब्धता पाहून ठरवा.

सामानाबद्दल : खालच्या बाकाखाली लोखंडी कड्या असतात. मीटरभर साखळी आणि छोटं कुलूप घेऊन बॅग तिथे अडकवा. पैसे, आधार आणि औषधं त्या बॅगेत नकोत. उशाखालच्या पिशवीत ठेवा. विजापूरला उतरायचं तर पहाटे सोलापूर गेलं की उठून बसा. १३९ वर डेस्टिनेशन अलर्टही लावता येतो. गाडीत काही त्रास झाला तर तोच १३९ नंबर.

मुलाला तारखा, पीएनआर आणि लॉजचे नंबर लिहून द्या. रोज रात्री नऊला फोन ठरवा. लॉजबाबत एकच सांगणं : पहिल्या रात्रीची खोली पुण्यातूनच ठरवा आणि फोनवर ‘एकटीच आहे’ हे आधी सांगा. काही छोटी लॉजेस एकट्या पाहुण्याला खोली द्यायला का-कू करतात. ते काउंटरवर उभं राहून कळण्यापेक्षा घरबसल्या कळलेलं बरं. राज्य पर्यटन महामंडळाची मयूर नावाची हॉटेलं विजापूर, बदामी आणि हंपीजवळच्या कमलापूरला आहेत. लॉजपेक्षा महाग, पण तुमच्या बाबतीत तो फरक मोजावा असं वाटतं.

गुडघ्यांसाठी : गोलघुमटाच्या गॅलरीत जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले अरुंद, उंच पायऱ्यांनी चढावे लागतात. बदामीच्या चारही लेण्यांना पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत जमतं. पट्टदकल जवळपास सपाट आहे. एकच ठिकाण मनसोक्त बघायचं असेल तर ते.

प्रश्न : बदामीहून ऐहोळे-पट्टदकल एका दिवसात बसने होतं का? रिक्षावाले म्हणतात, होत नाही.
– आयटी कर्मचारी, हिंजवडी

होतं, फक्त उलट्या क्रमाने. पट्टदकल बदामीपासून बावीसेक किलोमीटर, ऐहोळे त्याच्या पुढे तेराएक. बहुतेक लोक आधी जवळचं पट्टदकल करतात, तिथे दुपार होते, आणि ऐहोळ्याला पोचल्यावर परतीची बस गेलेली असते. रिक्षावाल्यांचं म्हणणं या लोकांच्या जिवावर खरं ठरतं. तुम्ही सकाळच्या पहिल्या सोयीच्या बसने थेट ऐहोळे गाठा, दुपारी मागे पट्टदकलला या. पट्टदकलहून बदामीला गाड्या तुलनेने जास्त आहेत. उतरताक्षणी परतीची शेवटची बस किती वाजता, हे कंडक्टरला विचारा आणि थांब्यावरच्या चहावाल्याकडून पडताळून घ्या. दोघांची उत्तरं वेगळी आली तर लवकरची वेळ खरी माना.

स्पेशल रिक्षा एकट्याला परवडत नाही, तिघं मिळाली तर मात्र दिवस सोपा होतो. आदल्या संध्याकाळी लेण्यांच्या पायथ्याशी किंवा लॉजच्या काउंटरवर विचारा. बदामीत येणारा प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी इथेच जाणार असतो.

ऐहोळ्यात दुर्ग मंदिराच्या आवारातच सगळे थांबतात. (दुर्ग म्हणजे किल्ला, दुर्गा देवीशी या नावाचा संबंध नाही.) मराठी माणसाने टेकडीवरच्या मेगुती जैन मंदिरापर्यंत चढावं. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा शक ५५६, म्हणजे इसवी सन ६३४चा संस्कृत शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षाला हरवल्याची नोंद त्यात आहे, कालिदास-भारवींची नावं आहेत, आणि पुलकेशी ज्यांचा धनी झाला त्या ‘तीन महाराष्ट्रकां’ची, त्यांतल्या ९९ हजार गावांची नोंदही आहे. दगडावर अक्षरं बारीक आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव नीट उठतं, भर दुपारी भिंत सपाट दिसते. बस लवकर पकडायचं हे दुसरं कारण.

पट्टदकलला उत्तरेकडची वक्र शिखरं आणि दक्षिणेकडची मजल्यामजल्याची विमानं एकाच आवारात शेजारी उभी आहेत. विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीने, लोकमहादेवीने बांधवलं. त्याच्या समोर उभं राहून मग गळगनाथाच्या शिखराकडे बघा. दोन्ही शैलींतला फरक सांगायला गाइड लागत नाही.

बदामीच्या लेण्यांत माकडांचा उपद्रव आहे. त्यांना खाणं दिसावं लागत नाही, प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज पुरतो. पाण्याची बाटलीसुद्धा सॅकच्या आत ठेवा, बाजूच्या खिशात नको. तिसऱ्या लेण्यात इसवी सन ५७८चा, चालुक्य राजपुत्र मंगलेशाचा लेख आहे; वेळ कमी असेल तर पहिलं आणि तिसरं लेणं सोडू नका. संध्याकाळी तलावाच्या टोकाच्या भूतनाथ मंदिरावर ऊन येतं, तेव्हा तिथे असा.

प्रश्न : विजापूरला सकाळी उतरून संध्याकाळीच बदामीची गाडी पकडली तर एक रात्र वाचेल. सामान कुठे ठेवू?
– वाचक, धनकवडी

स्टेशनवर क्लोकरूम चालू आहे का ते उतरल्याबरोबर विचारा. सामान घेतात ते कुलूप लावलेलंच, आणि तिकीट दाखवावं लागतं. चेनला कुलूप नसलेली सॅक परत करतात. क्लोकरूम चालू नसेल तर ज्या हॉटेलात नाश्ता कराल तिथे विनंती करून बघा. पण रात्र वाचवण्याच्या नादात बदामीला अंधारात उतराल, त्याबद्दल वर लिहिलंच आहे. आमचं मत, रात्र विजापुरात काढा.

गोलघुमट स्टेशनहून चालत जाण्याइतका जवळ आहे. सकाळी उघडताच जा. १६५६च्या या कबरीच्या घुमटाचा आतला व्यास सदतीस-अडतीस मीटर. गॅलरीत भिंतीला तोंड करून कागद टराटरा फाडला तर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्याला तो शेजारी फाडल्यासारखा ऐकू येतो. एकटे असाल तर समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हातवारे करून विनंती करा, कुणी नाही म्हणत नाही. शाळेच्या सहली आल्या की तिथे नुसता कल्लोळ. मग शहराच्या दुसऱ्या टोकाचा इब्राहिम रोजा; वाटेत मलिक-ए-मैदान तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, आणि परांड्याहून विजापूरला नेलेली. गोलघुमटाच्या आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. बदामी आणि कमलापूरचंही तसंच, तेव्हा शुक्रवार कुठे येतो ते बघा.

प्रश्न : हंपीत स्कूटर घ्यावी, सायकल घ्यावी की गाइडसह रिक्षा? मुक्काम हंपीत की होस्पेटला?
– छायाचित्रकार, औंध

खर्च मोजायचा असेल तर होस्पेट. स्टेशनपासून बसस्थानक वीसेक मिनिटं चालत आणि तिथून हंपीच्या बस दिवसभर. पहाटेचं छायाचित्रण हवं असेल तर मात्र हंपी गावात राहा, नाहीतर पहिली बस पोचेपर्यंत सूर्य वर आलेला असतो. नदीपलीकडच्या विरूपापूर गड्डीवरची स्वस्त गेस्टहाउस २०२० मध्ये पाडली गेली. जुनी माहिती वाचून तिकडे जाऊ नका.

पहिला दिवस पूर्ण पायी : विरूपाक्ष मंदिर, हेमकूट टेकडी, कृष्ण मंदिर, १५२८चा एकसंध लक्ष्मी-नरसिंह. दुसऱ्या दिवशी हंपी बाजारातून नदीकाठच्या पायवाटेने विठ्ठल मंदिर, दोनेक किलोमीटर. तिथलं ४० रुपयांचं तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी ते कमळ महालाच्या आवारातही चालतं. लोक ही दोन ठिकाणं दोन दिवसांत विभागतात आणि दोनदा पैसे भरतात. कमळ महालापर्यंत सायकल किंवा रिक्षा. सायकल घ्यायची तर सकाळी. अकरानंतर खडक तापतात आणि चढावर सायकल हातात धरून चालावी लागते.

विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने नेलेली पंढरपूरची मूर्ती एकनाथांचे पणजोबा संत भानुदास यांनी परत आणली, अशी वारकरी परंपरा आहे. ‘संगीत खांब’ वाजवून दाखवतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खांबांवर टकटक करायला बंदी आहे.

सूर्योदयासाठी मातंग टेकडीचं नाव सगळे घेतात. एकट्याने अंधारात त्या वाटेने जाऊ नये. हेमकूट गावाला लागून आहे आणि तिथूनही विरूपाक्षाचं गोपूर सुरेख मिळतं. नदीपलीकडच्या सणापूरच्या कालव्या-तलावाकाठीही एकट्याने रात्री थांबू नका.

प्रश्न : कन्नड येत नाही. अडेल का? आणि खाण्याचं काय?
– वाचक, हडपसर

विजापुरात दख्खनी हिंदीवर निभतं, वयस्कर माणसांना मराठीही कळते. बदामीपासून पुढे पाच शब्द पुरतात : एल्ली (कुठे), एष्टु (किती), बेकु (हवं), बेडा (नको), निल्लिसी (थांबवा). बसवरच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्येच असतात. लॉजवाल्याकडून कागदावर गावाचं नाव कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, फोटो काढा आणि पाटीशी जुळवा.

खाण्यासाठी ‘खानावळि’ अशी पाटी शोधा, शब्द आपलाच आहे. जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, सोबत शेंगांची चटणी. सोलापूरकडच्या माणसाला घरचंच वाटेल. संध्याकाळी गिरमिट (मसालेदार चुरमुरे) आणि मिरची भजी. हंपी बाजारातल्या पर्यटकी हॉटेलांत तेवढ्याच भुकेला दुप्पट पैसे जातात. दुपारचं जेवण होस्पेट किंवा कमलापुरात उरका.

प्रश्न : पावसाळ्यात जावं का?
– वाचक, बाणेर

जुलै-ऑगस्टमध्ये बदामी सुंदर दिसते आणि खोल्या स्वस्त मिळतात. पण तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की हंपीची होडी बंद होते आणि नदीपलीकडच्या आनेगुंदीला रस्त्याने लांबचा फेरा पडतो. एप्रिल-मे टाळाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरा, फक्त पौष पौर्णिमेच्या आसपास बनशंकरीची जत्रा असते. त्या दिवसांत बदामीत खोली मिळणं कठीण.

प्रश्न : परतीची गाडी रद्द झाली किंवा जागा मिळाली नाही तर?
– वाचक, चिंचवड

होस्पेटहून गदगमार्गे हुबळी गाठा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, जनरलने होतं. हुबळीहून बेळगाव-मिरज मार्गे पुण्याला गाड्या आहेत आणि आल्या वाटेने मागे जावं लागत नाही. गाडी रेल्वेने रद्द केली तर पूर्ण परतावा मिळतो. तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत तरीही मिळतो, पण त्यासाठी गाडी तुमच्या स्टेशनातून सुटायच्या आत टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरावा लागतो. गाडी गेल्यावर भरलेला टीडीआर या कारणासाठी धरत नाहीत.